खैरघाटात हवा हिरवी

त्या दिवशी सकाळी छबुताई शेलारला स्वतःच्या नाकानं धुराचा वास आला, आणि भिंतीवरच्या नाकानं सांगितलं की हवा स्वच्छ आहे. छबुताईनं भिंतीवरच्या नाकावर विश्वास ठेवला. तिच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तरी हेच केलं असतं, तेव्हा उगाच नंतरचा शहाणपणा कुणी सांगू नये.

साल दोन हजार त्रेचाळीस, महिना चैत्र. खैरघाटाच्या माथ्यावर, कराडकडून आलेला रस्ता कोकणात उतरण्याआधी जिथं जरा दम खातो, तिथं छबुताईचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, चार बाकडी, विजेच्या दोन शेगड्या आणि पंचक्रोशीत नाव झालेली कांदाभजी. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. छबुताईनं एकटीनं हॉटेल सांभाळलं, आणि गेली चार वर्षं हॉटेलच्या भिंतीवरचं नाकही सांभाळलं.

'नाक' हे काही त्याचं कागदावरचं नाव नव्हे. कागदावरचं नाव एवढं लांब होतं की ते उच्चारेपर्यंत चहा निवून जायचा. दिसायला शाळेच्या दप्तराएवढा पांढरा डबा, खालच्या अंगाला हवा आत घ्यायची बारीक भोकं, आणि समोर एक दिवा आणि आकडा. शंभरच्या आत आकडा असला की दिवा हिरवा, शंभरच्या पुढं गेला की पिवळा, तीनशे ओलांडले की लाल.

याची गरज का पडली तेही सांगितलं पाहिजे. वणवा सह्याद्रीला नवा नाही. गवत जाळलं की पुढच्या साली जोमानं येतं, असं सांगत काडी टाकणारे महाभाग आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहेत. पण पूर्वी वणवा लागायचा आणि चार दिवसांत विझायचा. आता हिवाळ्यातच डोंगर वाळून कोळ होतात, आणि शिमग्याच्या आधी लागलेली आग थेट मृगापर्यंत या कड्यावरून त्या कड्यावर फिरत राहते. तिचा धूर पहाटेच्या गारव्यात दरीत उतरतो. वरती ऊबदार हवेचं झाकण बसतं, आणि ऊन चढेपर्यंत तो धूर झाकलेल्या पातेल्यातल्या वाफेसारखा तिथंच कोंडून राहतो. घाटाचा रस्ता नेमका त्या पातेल्यातून जातो. दोन-तीन वर्षं लागोपाठ माणसं दगावली, तेव्हा 'वाटेची हवा' ही योजना आली.

खोलीत उन्हाची तिरीप आली की तिच्यात धुळीचे कण नाचताना दिसतात ना, तीच युक्ती या डब्यात होती. बारीक पंखा बाहेरची हवा आत ओढायचा, लेसरची तिरीप तिच्यातून जायची, आणि किती कण चमकले त्यावरून आकडा निघायचा. रस्त्यारस्त्यावरच्या नाकांचे आकडे, उपग्रहाची चित्रं, वाऱ्याची दिशा आणि माणसाच्या मनगटावरच्या पट्टीनं मोजलेली त्याच्या फुप्फुसांची ताकद, हे सगळं पुण्यातल्या एका मोठ्या संगणकात जायचं. तिथून पट्टीवर उत्तर यायचं : तुम्ही, या वाटेनं, या वेळेला निघू शकता की नाही. हिरवं आलं की माणूस निघायचा. बसगाड्यासुद्धा त्याच उत्तरावर चालायच्या. लाल असेल तर बस आगारातून हलतच नसे. पिवळं असेल तर खिडक्या बंद करून गाळलेली हवा आत सोडायची. हिरवं असलं की झडपा उघडून बाहेरचीच हवा घ्यायची, तेवढीच बॅटरीची बचत. लोकांना त्याची इतकी सवय झाली की पंचांग बघणारेसुद्धा आधी वाटेची हवा बघायचे आणि मग मुहूर्त.

तर त्या सकाळी सव्वासहाच्या सुमारास छबुताईचा फोन वाजला. चिपळुणाहून तिचा थोरला भाऊ बोलत होता. विश्वनाथ कदम, पण सगळ्यांचा नाना.

"छबे, निघू का?"

"पट्टी काय म्हनतीया?"

"पट्टी हिरवी झालीया. सहा वर्सांत पयल्यांदा. पन पट्टीचं काय खरं? तुझं नाक काय म्हनतंय ते सांग."

नानानं तीस वर्षं जांभ्याच्या चिरेखाणीत काढली होती. खाणीतली लाल धूळ त्याच्या फुप्फुसात जाऊन बसली ती कायमची. वणव्याच्या दिवसांत घाट चढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि गावच्या भैरोबाची यात्रा नेमकी वणव्याच्या दिवसांत. सासनकाठीला पहिला हात लावायचा मान कदमांचा. सहा वर्षं तो मान चुलतभावाकडे गेला होता, आणि सहा वर्षं यात्रेच्या दिवशी नाना फोन उचलत नव्हता. छबुताईला माहेर म्हणून उरलेलं एवढंच होतं : एक भाऊ, आणि त्याच्या हातातली ती काठी.

ती बाहेर आली. समोरच्या कड्यावर आगीची रेघ रात्रभर जळत होती, ती आता फटफटीत उजाडल्यावर नुसती काळी दिसत होती. दरी पांढऱ्यानं भरली होती. धुकं असेल. डोळे चुरचुरले. भज्याच्या तेलाचा ठसका असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि तेल तर अजून शेगडीवर चढायचं होतं. तिनं डब्याकडे बघितलं. अठ्ठावन्न. दिवा हिरवागार.

"ये रं नाना," ती म्हणाली. "अट्ठावन्न हाय. पुण्यातल्या बागंतबी एवढी चांगली हवा न्हाई. ये तू."

"येतो," नाना म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "सातची बस धरतो. भजी ठिव काडून."

छबुताईनं पदरानं डोळे पुसले. ते पाणी कशानं आलं याचा तिनं विचार केला नाही.

सातची बस नऊ वाजता माथ्यावर पोचायला हवी होती. साडेनऊ झाले. घाटात फोन लागत नाही, हे ठाऊक असूनही तिनं अकरा वेळा लावून बघितला. खालून एकही गाडी वर येत नव्हती. दहा वाजता वाऱ्यानं दिशा बदलली, आणि दरीतलं ते पांढरं हळूहळू वर सरकत रस्त्यावर आलं. ते धुकं नव्हतं. बाकड्यावर बसलेले दोन ट्रकवाले खोकत उठले आणि गाड्यांच्या काचा लावून बसले. छबुताईनं डब्याकडे बघितलं. साठ. हिरवा.

"ह्याला काय झालंय?" ती स्वतःशीच म्हणाली. पण ती 'ह्याला' म्हणत होती ते वाऱ्याला. डब्यावर शंका घ्यायचं तिच्या अजून मनातही आलं नव्हतं.

सव्वादहाला हॉर्न ऐकू आला. थांबत नव्हता, एकसारखा वाजत होता. धुरातून बस बाहेर आली ती वेडीवाकडी, आणि हॉटेलच्या फरशीला घासून थांबली. दार उघडलं आणि माणसं अक्षरशः खाली पडली. यात्रेला निघालेली माणसं, नव्या साड्या, नवे शर्ट, आणि प्रत्येकाच्या नाकपुड्यांभोवती काळी वर्तुळं. एक बाई रस्त्यावर बसून ओकत होती. कुणी ओरडत नव्हतं, कारण ओरडायला श्वास लागतो. छबुताई तेवीस माणसांत भावाला शोधत होती, आणि तेवीस माणसं एकाच रंगाची दिसत होती.

ड्रायव्हर शेवटी उतरला. मोहिते नावाचा पस्तिशीचा गडी, पाटणकडचा. आठवड्यातून तीनदा तिच्याकडे चहा प्यायचा आणि दरवेळी साखर जास्त मागायचा. त्याच्या दोन्ही हातांना फोड आले होते.

"पाचव्या वळनाला जळकं झाड आडवं पडलं हुतं," तो म्हणाला. एकेक शब्द वेगळा काढावा लागत होता. "तोडलं. अर्धा तास लागला. तुमचं नाना आत हायती. आधी त्यास्नी बगा."

नाना पाचव्या रांगेत खिडकीशी होता. त्याचे ओठ जांभळासारखे झाले होते. अंगात नवा पांढरा सदरा, मांडीवर फेट्याची पिशवी. छबुताईनं त्याला हाक मारली तेव्हा त्यानं डोळे उघडले, तिला ओळखलं, आणि परत मिटले. तिनं आणि एका ट्रकवाल्यानं मिळून त्याला उचललं, आणि तो इतका हलका लागला की तिला भीती वाटली.

पहिली रुग्णवाहिका चाळीस मिनिटांनी आली. तिच्यात चौघांचीच जागा होती, त्यात नानाला घातलं. मोहितेला बसायला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हाताऱ्यांना घाला आधी. मी दुसरीनं येतो." आणि फरशीवर भिंतीला टेकून बसला, भिंतीवरच्या हिरव्या दिव्याच्या बरोबर खाली. त्याच्याकडे बघता बघता छबुताईची नजर वर गेली. आकडा एकसष्ट होता. समोर माणसं आडवी पडलेली, रस्त्याच्या पलीकडचं दिसत नाही, आणि डबा शांतपणे सांगत होता की हवा चांगली आहे. तेव्हा तिला पहिल्यांदा त्या दिव्याची भीती वाटली.

मुजावर मॅडम दुपारी एकला आल्या. घाटपट्ट्यातल्या एक्केचाळीस नाकांची देखभाल त्यांच्याकडे. वय तिशीचं, बोलणं मोजकं, स्वभाव सरळ. दर सहा महिन्यांनी त्या यायच्या, पण आधी कळवून, आणि दुपारच्या. या खेपेला बसची बातमी ऐकून न कळवता आल्या होत्या. दुसरी रुग्णवाहिका नुकतीच गेली होती आणि छबुताई कराडला जायला गाडी शोधत रस्त्यात उभी होती.

"मी नेते तुम्हाला," मॅडम म्हणाल्या. "पाच मिनिटं द्या. फक्त एकदा मोजून बघते."

त्यांनी खिशातून साबणाच्या वडीएवढं मापक काढून डब्याशेजारी धरलं. त्यावर चारशे सदतीस आकडा आला. डब्यावर त्रेसष्ट. त्यांनी मापक बंद करून पुन्हा लावलं. चारशे एक्केचाळीस.

मॅडमनी मग डबा भिंतीवरून उतरवला, बाकड्यावर उपडा घातला आणि टॉर्च लावला. नंतर बारीक चिमटा घेऊन त्यांनी एका भोकातून काहीतरी ओढून काढलं. लाल रंगाची बांबूची काडी, बोटाच्या पेराएवढी. मग दुसरी. मग तिसरी. आतल्या जाळीवर राखेचा मऊ थर होता.

"छबुताई, हे काय आहे?"

"उदबत्तीची काडी," छबुताई म्हणाली. तिला प्रश्नच कळला नाही. "रोज लावती की."

"ह्याच्यात?"

"ह्याला वो. भैरोबाच्या फोटोला, शेगडीला, आनि ह्याला. ज्याच्यावर पोट चालतं त्याला नगं लावायला? भोकं बी मापात हायती, काडी अगदी घट्ट बसती. मोगऱ्याची लावती, चांगल्यातली."

"किती वाजता?"

"सकाळी सा वाजता. ठोक्याला. हाटेल उघडायच्या आदी." आणि मग, अजूनही अभिमानानंच, "चार वर्सांत येक दिस खाडा न्हाई. लग्नाकार्याला गेली तर शेजारच्या आक्काला सांगून जायची. तुमी यायच्या आदल्या दिशी तेवडं सगळं पुसून लख्ख करायची, तुमास्नी घान दिसाया नगं म्हनून."

मुजावर मॅडम बाकड्यावर बसल्या. त्यांचा चेहरा असा झाला होता की छबुताईनं न विचारताच त्यांना पाणी दिलं.

"ऐका," त्या म्हणाल्या. "वाण्याचा तराजू असतो ना, त्याच्या एका पारड्याला आधीच काही चिकटलेलं असलं तर तो काय करतो? दुसरीकडे पासंग लावतो. काटा मध्ये आणतो आणि मगच माल तोलतो."

"व्हय."

"हा डबाही रोज पासंग लावतो. त्याच्या आतल्या भिंगावर धूळ बसते, म्हणून आकडा उगाच वाढतो. तो किती वाढला हे समजायला त्याला दिवसातली एक स्वच्छ वेळ लागते. इथं पाहणी केली तेव्हा सगळ्यांत स्वच्छ वेळ निघाली सकाळी सहा ते सव्वासहा. जंगलाकडून वारा, रस्त्यावर गाडी नाही. म्हणून आम्ही त्याला शिकवलं की त्या पंधरा मिनिटांत जे काही दिसेल ते शून्य धर. बाकी दिवसभरात तेवढं वजा कर."

छबुताई ऐकत होती. तिचा हात हळूहळू तोंडाकडे गेला.

"आणि तुम्ही रोज नेमकं सहाला त्याच्या नाकात उदबत्ती खोचत होतात. त्याला वाटलं, आपलंच भिंग मळलंय. धूर म्हणजेच शून्य, असं तो शिकला. वजा करायचा आकडा चार वर्षांत वाढत वाढत आज पावणेचारशेच्या वर गेलाय."

"आता गं बया," छबुताई म्हणाली. एवढंच. आपण किती मोठ्या मायेनं काय करून बसलो, हे एकदम कळलं की माणसाला रडूही येत नाही. ती नुसती त्या लाल काडीकडे बघत राहिली. करायला गेलो पूजा आणि भावाच्याच नरड्यावर पाय दिला.

पण खरा धक्का अजून पुढेच होता, आणि तो छबुताईच्या आधी मॅडमना बसला. त्यांनी मांडीवर छोटा संगणक उघडला होता.

"मला एक कळत नव्हतं," त्या स्क्रीनकडे बघत म्हणाल्या. "पायथ्याचं नाक आहे, पाचव्या वळणावर आहे. तिथं कुणी उदबत्ती लावत नाही. त्यांनी तर खरा आकडा द्यायला हवा होता. दिलाही होता. पायथ्याच्यानं आज सकाळी साडेसहाला तीनशे नव्वद सांगितला होता."

"मंग?"

"मग पुण्याच्या संगणकानं तो दुरुस्त केला." मॅडमचा आवाज बारीक झाला. "दहा नाकं दहा गोष्टी सांगायला लागली की कुणाचं ऐकायचं, हे तो स्वतः ठरवतो. जे नाक कधी बंद पडत नाही, रोज एकाच ठरावीक पद्धतीनं वागतं, तपासणीत जे कायम स्वच्छ आढळतं, त्याला जास्त गुण. अख्ख्या पट्ट्यात सगळ्यांत जास्त गुण ह्याला आहेत. तुमच्याला. इतकं नेमकं नाक राज्यात दुसरं नाही. म्हणून बाकीची नाकं ह्याच्यावरून लावून घेतली जातात. उपग्रहालासुद्धा आज धूर दिसला होता. संगणक म्हणाला, तो उंचावर असेल, कारण खैरघाटाचं नाक खाली स्वच्छ सांगतंय."

गेल्या वर्षी याच गुणांपायी छबुताईला कराडला बोलावून शाल आणि नारळ दिला होता. टाळ्या वाजल्या होत्या. आणि तिच्या मनात आता एकेक माणूस यायला लागला. ट्रकवाले फोन करून विचारायचे, ताई, उतरू का? ती म्हणायची, उतरा. एक मास्तर दम्याच्या पोरीला घेऊन दोन उन्हाळे या रस्त्यानं गेला होता. तिनं त्या पोरीला भजं दिलं होतं आणि सांगितलं होतं, घाबरू नगं, हवा छान हाय. तिसऱ्या उन्हाळ्यात मास्तर एकटाच आला. तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. चार वणवे. चार वर्षं तिनं लोकांना या, या म्हटलं होतं.

मॅडमनी डबा पिशवीत घातला. दोघी गाडीत बसल्या. बराच उतार संपला. मग मॅडम रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाल्या, "मला संध्याकाळपर्यंत अहवाल द्यायचाय. मी भिंगात बिघाड असं लिहू शकते. तुमचं नाव येणार नाही. खरं सांगायचं तर माझंही येणार नाही. चार वर्षांत मी एकदाही सकाळी सहाला येऊन बघितलं नाही. तुमच्या डब्याला मोगऱ्याचा वास यायचा. मला वाटायचं, हॉटेलचा असेल."

"तसं लिवलं तर काय हुईल?"

"हा डबा बदलतील."

"आनि बाकीची?"

"बाकीची..." मॅडम थांबल्या.

"कुटं कुटं बसवल्यात वो नाकं?"

"बहुतेक, जिथं लाईट असते आणि रोज पहाटे कुणीतरी उठतं अशा जागी. हॉटेलं, किराणा दुकानं, देवळांच्या ओवऱ्या. दोन दर्ग्यातही आहेत." बोलता बोलता मॅडमनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. दुकान उघडताना उदबत्ती, देवळात धूप, दर्ग्यात लोबान. आणि सगळीकडे सकाळी सहाला. राज्यात अशी अकराशे नाकं होती, आणि अकराशे दिवे या क्षणी लोकांना निघा म्हणून सांगत होते. "माझी आई रोज दर्ग्यातलं नाक बघून दवाखान्याला निघते," त्या म्हणाल्या.

"मंग लिवा," छबुताई म्हणाली. "छबू शेलारनं उदबत्ती लावली म्हनून लिवा. आत्ताच्या आत्ता लिवा. गाडी मागनं चालवा."

मॅडमनी तिथंच, स्टिअरिंगवर संगणक टेकवून लिहिलं. त्यांनी दोघींचीही नावं लिहिली. पाऊण तासानं, त्या कराडच्या हद्दीत शिरल्या तेव्हा, रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या मनगटावरची पट्टी एकदम राखाडी झाली. हवा माहीत नाही. माणसं जागच्या जागी थांबून पट्ट्या झटकत होती.

बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. सरपंचांचा फोन आला. "छबुताई, मनाला लावून घेऊ नगा. देवाधर्माचं केलं तुमी, त्यात तुमची काय चूक? चूक त्या डब्याची. माणसाला साधी उदबत्ती कळती, त्याला कळू नये?" मग आक्काचा आला, मग चुलतभावाचा. सगळ्यांनी तेच सांगितलं, आणि खरं म्हणजे त्यात काही खोटंही नव्हतं. छबुताईला बरं वाटलं. पण तेवढ्यापुरतंच.

पट्ट्या राखाडी झाल्यानं रस्ते तुंबले होते, हॉस्पिटलात पोचायला पाच वाजले. दुसऱ्या मजल्याच्या जिन्याशी बसमधलीच एक बाई भेटली, ती सकाळी रस्त्यावर ओकत होती ती. तिनं छबुताईचा हात धरला. "ताई, ड्रायव्हर गेला. साडेचारला. हृदय थांबलं म्हनत्यात. पट्टी हिरवी हुती म्हनून त्यानं तोंडाला काय बांधलं बी न्हाई, अर्धा तास कुऱ्हाड चालवत हुता त्या धुरात." पलीकडच्या बाकावर मोहितेची बायको बसली होती. तिच्या मांडीवर जेवणाचा डबा होता. नवरा दवाखान्यात आहे एवढंच ऐकून ती जेवण घेऊन निघाली होती, आणि डबा खाली ठेवावा हे तिला अजून सुचलं नव्हतं. छबुताई तिच्यासमोरून गेली. तिच्याशी बोलायला तोंडच नव्हतं.

नाना शुद्धीवर होता. तोंडावर मास्क, नाकाशी नळ्या. वाचेल, पण आता नळी सुटणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. छबुताई खाटेच्या कडेला बसली आणि तिनं त्याला सगळं सांगितलं. उदबत्ती, भोकं, सहाचा ठोका, पासंग. काही लपवलं नाही. नाना ऐकत होता. मधेच त्याच्या डोळ्यांत हसू आल्यासारखं झालं. लहानपणीही ती अशीच होती, बाहुलीला रोज गंध लावायची.

तिचं सांगून झालं. मग त्यानं मास्क जरा बाजूला केला.

"छबे, डब्याचं कळलं. पन तुला न्हवता आला वास?"

उत्तर तयार होतं. अख्ख्या गावानं दुपारपासून तिच्या हातात तेच उत्तर ठेवलं होतं. चूक डब्याची. न्हाई आला म्हटलं असतं तर जगातल्या कुणालाही खोटं ठरवता आलं नसतं.

"आला हुता," ती म्हणाली. आणि आता तिला रडू फुटलं. "डोळंबी चुरचुरत हुतं. दरीत धूर दिसत हुता रं नाना. पन दिवा हिरवा हुता, आनि सा वर्सांत तू आला न्हवतास. मला तू यायला पायजे हुतास."

नानानं डोळे मिटले. छबुताईला वाटलं, आता हा भाऊ आपल्याशी आयुष्यात बोलणार नाही. पण तो बोलला.

"मलाबी आला," तो म्हणाला. "पायथ्यालाच. माझ्याच न्हाई, मोहित्याच्याबी ध्यानात आलं हुतं. गाडी वळवाया लागला हुता त्यो. म्हनला, काका, पट्टी हिरवी हाय पन माझं मन घेईना, माघारी जाऊ. म्या म्हनलं, अरं चल, वर माझी भन बसलीया, तिनं बगून सांगितलंय. यात्रा चुकंल. चार जनांनी माझीच री वढली. मंग त्यो काय बोलला न्हाई, निगाला." त्याला दम लागला. त्यानं मास्क लावला, दोन श्वास घेतले, पुन्हा काढला. "ते झाड तोडताना लय दमला गं प्वार. कुटल्या खोलीत ठिवलाय त्याला? मला तिकडं ने. त्याची माफी मागितल्याबिगर मला झोप न्हाई यायची."

छबुताईनं दाराकडे बघितलं. बाहेर बाकावर ती बाई तशीच बसली असणार. आता खोटं बोलणं किती सोपं होतं, आणि किती मायेचं. खालच्या मजल्यावर हाय, बरा हाय, उद्या भेटू. आज सकाळपासून तिनं मायेनं काय काय केलं होतं ते सगळं तिच्यासमोर होतं.

"नाना," ती म्हणाली, "मोहिते गेला. साडेचारला."

नानानं तिचा हात घट्ट धरला होता. तो त्यानं सोडला नाही, आणि तिच्याकडे बघितलंही नाही.